मेनू येईपर्यंत

अण्णा सिनेमा बघायला बसले की टीव्हीकडे बघत नसत. टीव्ही समोरच्या भिंतीला आणि अण्णांची मान डावीकडे, खिडकीशेजारच्या कॅलेंडरकडे वळलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा कुणावर तरी रुसलाय. पडद्यावर एक जपानी बाई मुकाट्यानं भात वाढते आहे आणि हे गृहस्थ एकादशी कधी आहे ते शोधताहेत. मी वरच्या मजल्याची किल्ली घ्यायला आले होते. दारातूनच म्हटलं, "अण्णा, किल्ली." त्यांनी मान न हलवता हात तेवढा वर केला. "ए पोरी, बस की स्वल्प. अजून संपलं नाही." चाळीस मिनिटं बसवलं मला, खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत असताना.

डोळ्यांचं नंतर कळलं. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडत चालला होता. समोर बघावं तिथं करडा गोळा दिसायचा आणि कडेचं तेवढं शाबूत होतं. "ज्याच्याकडं बघतोय ते जातंय, ज्याच्याकडं बघत नाही ते दिसतंय," असं ते अगदी मजेत सांगायचे. म्हणून कॅलेंडरकडे तोंड करायचं, म्हणजे टीव्ही उजव्या कडेला येतो. ही युक्ती त्यांना डॉक्टरनं शिकवलेली नव्हती. खुर्ची इंच इंच सरकवून त्यांनी स्वतः जागा शोधली होती आणि तिच्या चारही पायांशी खडूनं खुणा करून ठेवल्या होत्या. झाडताना ती खुर्ची कुणी हलवली की दिवसभर घरात कुरकुर चालायची.

माझं म्हणाल तर आई मला पायाला भिंगरी लावलेली म्हणते, आणि ते कौतुकानं नाही. मी जेवताना फोन बघते, फोनवर बोलताना भांडी लावते, आणि व्हिडिओ कुठलाही असो, दीडपट वेगानं बघते. आठवड्यातून तीन दिवस व्हाइटफील्डच्या ऑफिसला जायचं म्हणजे मेजेस्टिकला मेट्रो बदलून दीड तास. त्या वेळात मी एक अख्खी मालिका संपवते आणि उतरल्यावर तिच्यातलं एक नाव मला आठवत नाही. अशा बाईनं नागपूरहून उठून बेंगळुरूच्या मल्लेश्वरमला यावं, आणि घर मिळावं ते मूकपट बघणाऱ्या माणसाच्या डोक्यावर, ही देवाची थट्टाच म्हणायची. पहिले दोन महिने मला अण्णांचा मनापासून राग यायचा.

कारण त्यांच्याकडे एक नियम होता. सिनेमा लावला की डिस्क आपण होऊन मेनूवर येईपर्यंत कुणी उठायचं नाही. गोष्ट संपली, शेवटची पाटी येऊन गेली, पडदा काळा झाला, तरी नाही. तो काळा पडदासुद्धा बघायचा. मी अर्ध्यातून उठले की अण्णा भांडायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "ए नागपूर, एवढी कुठं आग लागली?" माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. नागपूर हेच माझं नाव.

नावं ठेवायची त्यांची पद्धतच वेगळी होती. चारशेच्या वर डिस्का होत्या त्या घरात, शिवाय टेपा. बहुतेक जुने जपानी सिनेमे, त्यांतले निम्मे मूकपट. काही डिस्कांवर इंग्रजीचं अक्षर नाही, सगळी जपानी चित्रलिपी. अण्णांनी प्रत्येकाला घरगुती नाव दिलेलं. एक ‘सासूबाईंचा’, एक ‘दोन भाऊ’, एक ‘आंधळी मालिशवाली’, एक ‘भाड्याचा मुलगा’. तपकिरी कपाटात प्रत्येक डबीबरोबर औषधाच्या बाटलीतून काढलेली ओल शोषणारी पुडी. बेंगळुरूची हवा सगळ्या गावाला आवडते, फक्त टेपांना आवडत नाही, असं ते म्हणायचे. जपानहून आलेल्या डबीवर कागदाचा पट्टा असतो, तो त्यांनी एकदाही फाटू दिला नव्हता. मूळचे चिकोडीकडचे, इथल्या एका सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेली. त्यामुळे तीन देशांच्या डिस्का चालवणारे तीन प्लेअर त्यांनी खोलून, झाळून, आपल्या हातानं जिवंत ठेवले होते.

त्या कपाटात एकाच सिनेमाच्या नऊ प्रती होत्या. मिठागरावर राबणाऱ्या एका कुटुंबाचा मूकपट, अण्णांच्या भाषेत ‘मिठाचा’. जपानची एक प्रत, इंग्लंडची एक, अमेरिकेच्या दोन, कुठली कुठली. मी म्हटलं, "अण्णा, एकच सिनेमा नऊ वेळा? संग्रह करायचा म्हणजे काय करायचं याला काही सुमार?"

"संग्रह म्हणू नको," अण्णा कॅलेंडरकडे बघत म्हणाले. "संग्रह करणारा माणूस सुखी असतो. मी शोधायलोय."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, आणि त्या दिवसापासून माझा राग कुठल्या कुठे गेला. खरं सांगायचं तर राग गेला आणि त्याच्या जागी एक हुरहूर येऊन बसली, जी मला झोपू देईना.

बावीस वर्षांपूर्वी अण्णा माझ्यासारखेच होते. हे त्यांचेच शब्द. घरात दोन व्हीसीआर, मल्लेश्वरमच्या फिल्म क्लबातून टेप आणायची, दुसऱ्या टेपेवर उतरवून घ्यायची, परत करायची, पुढची आणायची. अक्का, म्हणजे त्यांच्या बायको, या सगळ्याला ‘ह्यांची भुतं’ म्हणायच्या आणि कधी शेजारी बसायच्या नाहीत. पण त्यांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून डबीवरच्या चिठ्ठ्या लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. ‘मिठाचा’ मात्र त्या बसल्या. लसूण सोलत सोलत पूर्ण बघितला. त्यातली सून मधेच घर सोडून जाते, तिचं पुढं काय होतं ते सिनेमा सांगत नाही, याचा त्यांना फार राग आला. तेवढ्यात टीव्हीवर जरा मुंग्या आल्या आणि मग एक पूल दिसला. पुलावरून छत्री घेतलेली एक बाई पाठमोरी चालली होती.

"ही बघा, सून," अक्का म्हणाल्या.

बाई चालता चालता थांबली. छत्री मिटली. आणि नेमकं त्याच वेळी खाली टाकीत पाण्याचा आवाज सुरू झाला. कावेरीचं पाणी इथं एक दिवसाआड येतं आणि आलं की पळत जाऊन मोटार लावावी लागते. अण्णा उठले आणि त्यांनी बटण दाबून टेप बंद केली.

"अहो, थांबा की," अक्का म्हणाल्या. "कुणीतरी हाक मारलंय तिला. वळायलीय ती."

"मूकपटात हाक कसली ऐकू येते तुला?" अण्णा हसले आणि म्हणाले, "उद्या बघू."

उद्या बघितलं नाही. त्याच आठवड्यात क्लबच्या एका मित्राकडून ‘मिठाचा’ची चांगली, स्वच्छ प्रत मिळाली. अण्णांचा तेव्हाचा शिरस्ता असा, की चांगली प्रत आली की खराब भंगारात द्यायची. टेपेला तशीही बुरशी धरली होती. दिली. फक्त डबी ठेवून घेतली, कारण तिचं झाकण घट्ट बसायचं. मग पंधरा दिवसांनी अक्कांना दाखवायला नवी प्रत लावली, तर पूल नाही, छत्री नाही, बाई नाही. बाप मिठाची गाडी ओढत जातो आणि सिनेमा संपतो.

अण्णांना वाटलं, ही प्रत कापलेली आहे. म्हणून दुसरी मागवली. तीही तशीच. मग तिसरी. अक्का सुरुवातीला चिडवायच्या, पुढं पुढं सवयीनं विचारायच्या. पार्सल आलं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "सापडली काय हो बाई?" सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या. जायच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात अण्णा डबा घेऊन गेले, तर हात धरून त्यांनी तेच विचारलं. "मी हसून म्हटलं, सापडेल की," अण्णा मला म्हणाले. "तिनं सगळ्या संसारात माझ्याकडं एकच गोष्ट मागितलेली नव्हं, हजार मागितल्या असतील. पण थांबा असं ती एकदाच म्हणाली, आणि मी थांबलो नाही."

हे ऐकल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी त्यांना सांगून टाकलं की आपण शोधू. त्यात घाईचं कारणही होतं. धारवाडची विद्याक्का, अण्णांची मुलगी, महिनाअखेरीला त्यांना कायमची घेऊन जायला येणार होती. एकटं राहणं आता डोळ्यांना झेपत नव्हतं. आणि डोळ्यांची कडसुद्धा आता धुकट व्हायला लागली होती. महिनाभरात पूल सापडला नाही तर नंतर सापडूनही उपयोग नव्हता.

मग काय, मी मेट्रोत बसून मिठागराच्या सिनेमाची माहिती काढायला लागले. कुठल्या देशात किती मिनिटांची प्रत निघाली, कुणी काय कापलं. अण्णांनी त्यातलं निम्मं मला तोंडपाठ सांगितलं. जुना मूकपट हातानं फिरवायचे, त्यामुळे एकाच सिनेमाची एक प्रत सत्तर मिनिटांत पळते आणि दुसरी नव्वद मिनिटं रमतगमत जाते, हे मला त्यांच्यामुळे कळलं. मी नऊच्या नऊ प्रती परत बघायच्या ठरवल्या. दीडपट वेगानं लावल्या तर दोन संध्याकाळींत होतील, असं मी म्हणाले मात्र, अण्णांनी रिमोट स्वतःच्या मांडीखाली ठेवला.

"जपानात मूकपटाला पडद्याच्या बाजूला एक माणूस उभा राहायचा," ते म्हणाले. "कोण आलं, काय बोललं, सगळं तो सांगायचा. लोक नटापेक्षा त्याला बघायला जायचे. ते काम आता तू कर. मला कडेनं जेवढं दिसतं ते मी बघतो. तोंडं तू बघ."

मी सांगायला लागले आणि पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. "ती अजून चालायलीय, तू तिला घरी पोचवलीस पण," अण्णा म्हणाले. मी जपानी पाटी वाचायला फोन पुढे धरला तर म्हणाले, "ते बाजूला ठेव. तोंड बघ आणि सांग." तोंड बघून सांगायला माणसाला गप्प बसून बघावं लागतं, हे माझ्या वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मला समजलं. सातव्या प्रतीपर्यंत मला बरं जमायला लागलं होतं. पण पूल कुठेच नव्हता, आणि नववी प्रत मेनूवर आली तेव्हा विद्याक्का यायला अकरा दिवस उरले होते.

त्या दिवशी अण्णा दिव्याखाली ‘मिठाचा’ची ती जुनी रिकामी डबी घेऊन बसले होते, अंगठ्यानं झाकण उघडत, मिटत. आत आता ओल शोषणाऱ्या पुड्या भरलेल्या. पाणी आणायला ते आत गेले तेव्हा डबी मी हातात घेतली. आता माझी खोड सांगायलाच हवी. बाटलीवरची, वहीवरची, औषधावरची चिठ्ठी दिसली की माझं नख आपोआप तिच्या कोपऱ्यात जातं. लहानपणी यासाठी मार खाल्लाय. अण्णा परत येईपर्यंत डबीवरची चिठ्ठी अर्धी सोलून माझ्या हातात आली होती, आणि तिच्यावर अक्कांच्या अक्षरात अर्धं ‘मिठा’ होतं.

अण्णांना ते दिसणार नव्हतं, हे लगेच मनात आलं. आल्याची लाज वाटते, पण आलं. मी थुंकी लावून चिठ्ठी परत चिकटवायला गेले आणि तेव्हा खालची दुसरी चिठ्ठी दिसली. जुनी, पिवळी, इंग्रजीत टंकलेली.

"अण्णा," मी म्हटलं, "माझ्या हातून अक्कांची चिठ्ठी फाटली."

ते उभेच राहिले. हात पुढे केला, अंगठा डबीवरून फिरवला, फाटलेली कड शोधली. मला वाटलं, आता वरची खोलीही गेली आपली.

"तिच्याखाली अजून एक चिठ्ठी आहे," मी म्हणाले. "जपान, जुन्या सिनेमांचे तुकडे, भाग दोन."

अण्णा खाली बसले. कॅलेंडरकडे नाही, कुठेच न बघता बसले. आणि एकच शब्द म्हणाले, "मुंग्या."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला, त्यांच्या डोक्यात आधीच पडला होता. ज्या टेपेवर त्यांनी सिनेमा उतरवून घेतला ती क्लबनंच दिलेली होती, आणि ती कोरी नव्हती. तिच्यावर आधी दुसरंच काहीतरी होतं. अण्णांनी त्याच्यावर ‘मिठाचा’ उतरवला, तो जिथं संपला तिथं मुंग्या आल्या, आणि मुंग्यांच्या पलीकडे खालचं, जुनं, पुसायचं राहिलेलं तसंच सुरू झालं. पुलावरची बाई त्या सिनेमातली नव्हतीच. सून नव्हतीच ती. अण्णांनी बावीस वर्षं दुसऱ्याच घराचं दार वाजवलं होतं.

"चौतीस वर्षं यंत्रांत काढली," अण्णा म्हणाले, "आणि टेपेवर टेप उतरवली की मुंग्या येतात, हे मला कळलं नाही. काय म्हणावं?" मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती. मी फक्त त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला.

क्लबचे तेव्हाचे सेक्रेटरी मूर्तीसर आता आनेकलला राहतात. रविवारी सकाळीच आम्ही बस धरली. अण्णांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दर दहा मिनिटांनी विचारत होते, "कुठं आलो?" मूर्तीसरांनी डबी बघितली, चिठ्ठी बघितली आणि कन्नडमध्ये अण्णांना दोन शिव्या दिल्या, कारण भाग दोनची टेप क्लबात कधीपासून हरवली होती. अण्णांना दिली कुणी, तर बहुतेक मूर्तीसरांनीच, न तपासता. मग कॉफी पिताना त्यांना आठवलं. जपानातले कितीतरी मूकपट जळून, सडून गेले. काहींचे फक्त पाच-सहा मिनिटांचे तुकडे उरले, आणि तेच त्या टेपेवर होते. पूल आणि छत्री होय, तो रेशमाच्या गिरणीतल्या बाईचा. बाकी सिनेमा कुणाकडेच नाही. तो तुकडा पुढं कुठल्यातरी डिस्कवर आलाय म्हणे, एका पूर्ण सिनेमाच्या जोडीला, वरकड म्हणून.

बसमध्ये परत बसेपर्यंत मी फोनवर ती डिस्क शोधून काढली होती. जपानहून यायला पाच आठवडे लागणार होते. मी मनातल्या मनात सगळ्या पोस्टखात्यांना शिव्या घालत होते. "कव्हर कसलं आहे?" अण्णांनी विचारलं. मी सांगितलं, हिरवं, एक म्हातारी आणि दारात उभी असलेली सून.

अण्णांनी माझा दंड धरला. "सासूबाईंचा," ते म्हणाले. "ती आपल्या घरात आहे की गं."

अकरा वर्षं होती. तपकिरी कपाटात, दुसऱ्या खणात, कागदी पट्ट्यासकट. ‘सासूबाईंचा’ अण्णांनी सात वेळा मेनू येईपर्यंत बघितला होता. पण मेनूवर खाली ज्या बारीक ओळी असतात, मुलाखती, तुकडे, फोटो, त्यांना ते लोणचं म्हणायचे. "मी जेवायला बसतो, लोणचं चाटायला नाही," म्हणून त्या ओळी त्यांनी आयुष्यात कधी उघडल्या नव्हत्या. अक्का दवाखान्यात विचारत होत्या तेव्हाही ती बाई घरीच होती. अण्णा हे बसमध्ये मोठ्यानं म्हणाले आणि मग मल्लेश्वरमपर्यंत त्यांनी ‘कुठं आलो?’ असं एकदाही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी डिस्क लावू दिली नाही. सोमवारी सकाळी दहाला बघू म्हणाले, तेव्हा खिडकीतून उजेड बरोबर येतो. माझी साडेदहाला ऑफिसची मीटिंग होती, घरूनच. मी म्हटलं, सहा मिनिटांचा तर तुकडा आहे.

सोमवारी अण्णा अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, खडूच्या खुणांवर खुर्ची ठेवून बसले. शेजारी अक्कांची वेताची खुर्ची होती, तिच्यावर मी. मेनूवर खालची ओळ उघडली. मी सांगायला लागले. गिरणी. वाफ. ओळीनं बसलेल्या बाया. त्यातली एक उठते, दुसरीच्या खांद्यावर हात ठेवते. आता बाहेर. रस्ता. पाऊस थांबलाय, पण छत्री उघडी आहे. पूल. ती पाठमोरी आहे. हळू चालायलीय. माझ्या तोंडात तोपर्यंत त्यांचं ‘चालायलीय’ आलं होतं. थांबली. छत्री मिटली.

खाली टाकीत पाणी पडायला लागलं.

अण्णांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला, पण ते उठले नाहीत. "येऊ दे पाणी," ते पुटपुटले. आणि त्याच क्षणी माझ्या मांडीवर फोन थरथरला. मीटिंग लवकर घेतल्याचा निरोप होता. मी खाली बघितलं. दोन सेकंद, फार तर तीन.

"वळली काय?" अण्णांनी विचारलं.

मी वर बघितलं तेव्हा पडदा पांढरा झाला होता.

माझ्या आयुष्यात मला स्वतःचा इतका तिटकारा कधी आला नाही. "अण्णा," मी म्हणाले, "मी फोन बघितला. मला दिसलं नाही." मला वाटलं, ते आता उठून जातील, आणि ते गेले असते तर बरंच झालं असतं.

अण्णा हसले. कॅलेंडरकडे तोंड करून, गाल ओले होईपर्यंत हसले. "मागं घ्यायला मला बावीस वर्षं लागली," ते म्हणाले. "तू आत्ताच घे."

मी फोन बंद करून दाराबाहेर ठेवून आले. परत पूल. परत पाठमोरी. थांबली, छत्री मिटली. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. "मान वळली," मी सांगितलं. "आता खांदा. आता पूर्ण वळलीय. आपल्याकडे नाही, आपल्या मागे कुणीतरी आहे त्याच्याकडे बघतेय. तोंड उघडलं."

"काय म्हणायलीय?"

"पाटी नाही. पण अण्णा, ती ओ देतेय."

"नक्की?"

"नक्की. कुणी हाक मारल्यावर देतात तशीच. आणि एक पाऊल परत टाकलं तिनं. मग फिल्म संपली."

"म्हणजे हाक होती," अण्णा म्हणाले. मग शेजारच्या वेताच्या खुर्चीच्या दांड्यावर, माझ्या हाताला लागणार नाही अशा बेतानं, त्यांनी आपला हात ठेवला. "तू बरोबर होतीस गं," ते म्हणाले, आणि ते मला म्हणत नव्हते. पांढरा पडदा काळा झाला. आम्ही तोही बघितला. मेनू आला तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "सरी, झालं. आता जा, मोटार लाव."

महिनाअखेरीला विद्याक्का आली. डिस्का खोक्यांत भरून मूर्तीसरांच्या ताब्यात गेल्या, क्लबासाठी. ‘सासूबाईंचा’ अण्णांनी स्वतःच्या पिशवीत ठेवला. ‘मिठाचा’च्या नऊ प्रती माझ्याकडे दिल्या. "माझं त्यांच्याकडं आता काम राहिलं नाही," म्हणाले. अक्कांची अर्धी चिठ्ठी मी गोंद लावून डबीवर नीट बसवली होती, ती डबी त्यांनी मांडीवर घेतली आणि गाडीत पुढच्या सीटवर बसले. पुढच्या काचेकडे नाही, खिडकीकडे तोंड करून. विद्याक्कानं मला शंभर वेळा धारवाडला यायचं निमंत्रण दिलं. वरून माझ्या लॅपटॉपचा आवाज येत होता, मीटिंगसाठी लोक मला हुडकत होते. मी अण्णांच्या पाया पडले, येते म्हटलं आणि गाडी सुरू व्हायच्या आत जिन्याकडे पळाले. निरोप लांबवणं मला जमत नाही, आणि रडायला तर त्याहून जमत नाही.

चार पायऱ्या चढले असेन. "ए नागपूर," मागून हाक आली.

मी वळले. "ओ," म्हटलं, आणि एक पायरी खाली उतरले. गाडीच्या खिडकीतून त्यांनी मान बाहेर काढली होती. तोंड शेजारच्या घराकडे वळवलेलं, म्हणजे मी त्यांच्या कडेला येत होते.

"काय राहिलं, अण्णा?"

"काही नाही गं," अण्णा म्हणाले. "वळतेस काय, बघितलं."

गाडी निघाली. वर लॅपटॉप माझ्या नावानं बोंबलत होता. गाडी गल्लीच्या टोकाला वळली, दिसेनाशी झाली, रस्ता रिकामा झाला, आणि तो रिकामा रस्ताही मी थोडा वेळ बघत उभी राहिले.